पालथ्या नावांचे दोन महिने

जूनचा मध्य उलटला की जबलपूरच्या कांचघर भागातल्या मासळीबाजाराचा वास बदलतो. एरवी तिथे चिखल, शेवाळ आणि ताज्या माशांचा मिळून एक ओला, हिरवट वास असतो. मासेमारीची बंदी लागली की तो जातो आणि त्याच्या जागी बर्फाचा वास येतो. बर्फाला वास नसतो असं ज्याला वाटतं त्याने आंध्रहून आलेली थर्माकोलची पेटी उघडताना जवळ उभं राहावं. भाताचा भुसा, खारट पाणी, ट्रकच्या लोखंडाचा गंज आणि लांबचा प्रवास, सगळं त्या वाफेत असतं.

त्या वासाच्या मागोमाग फूलबाईची हाक येते. फूलबाई बर्मन बाजाराच्या तोंडाशी बसते. पुढ्यात पेटी, पेटीवर निळं प्लास्टिक, हातात माशा हाकलायला कडुलिंबाची डहाळी. "नरबदा की है, नरबदा की! ताजी है, अब्बई आई है!" पेटीत असतात आंध्रच्या तळ्यांतले मासे. डोळे आत गेलेले, कल्ले फिकट. मी मत्स्य विभागात निरीक्षक आहे, मला ते लांबूनही कळतं. पावसाळ्याचे दोन महिने मासे अंडी घालतात म्हणून नदीतला मासा पकडायचा नाही, न्यायचा नाही, विकायचा नाही, असा कायदा आहे. बाहेरच्या राज्यातून बर्फात आलेल्या माशाला मात्र मुभा आहे. म्हणजे फूलबाई कायद्यात बसणारा मासा विकते आणि गुन्हा केल्याची हाक देते. गिऱ्हाईक हसतं, "रोज झूठ, अम्मा!" म्हणतं आणि तोच मासा घेऊन जातं. आंध्रचा मासा खातानाही आमच्या गावाला नर्मदेचं नाव कानावर पडावं लागतं.

मी बाजारात यादी घेऊन जाते. आधी भाजी, मग किराणा, मासळी शेवटी, म्हणजे ओल्या पिशवीचा त्रास नाही. पण दर वर्षी जूनमध्ये ती हाक पहिल्यांदा ऐकली की यादीतलं काहीतरी राहून जातं. कधी जिरं, कधी साबण. घरी येऊन ओट्यावर सामान मांडताना लक्षात येतं आणि मग मी तो एक पावसाळा आठवत बसते.

*

राज्याचे दोन भाग होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा आमच्या कचेरीतली माणसं, कपाटं आणि एकुलती एक मोटरबोट यांची वाटणी झाली. बोट तिकडे गेली. तिचं हिरवं ताडपत्रीचं कव्हर मात्र कसं कोण जाणे आमच्याकडे राहिलं. पावसाळ्यात आम्ही ते सायकलींवर घालायचो. नदीवर गस्त घालायची तर नाव हवी, म्हणून बंदीपुरते गुलाब कक्का आपल्या नावेसकट आमच्याकडे लागले. गुलाब बर्मन, फूलबाईचे यजमान. शहराच्या वरच्या अंगाला नदीकाठी बर्मनांची एक वस्ती आहे, आम्ही तिला नुसता 'टोला' म्हणायचो, तिथे ते राहायचे. सगळा टोला त्यांना कक्का म्हणायचा, म्हणून मीही.

टोल्याकडे नदीचा एक पट्टा होता. वरच्या वळणापासून खाली नाल्याच्या तोंडापर्यंतचं पाणी त्यांच्या मच्छीमार समितीला ठरावीक मुदतीसाठी मिळालेलं होतं. ती मुदत त्या पावसाळ्यानंतर संपत होती. एका ठेकेदाराचा त्या पाण्यावर डोळा होता. आणि वरून नवा आदेश आला होता: जिथे बंदी पाळली जात नाही तिथला पट्टा समितीला पुन्हा मिळणार नाही. म्हणजे ते दोन महिने टोल्याने कसे काढले यावर टोल्याचं पाणी राहणार होतं की जाणार होतं.

हे मीच जाऊन सांगितलं. पिंपळाच्या पारावर बायका-माणसं जमली होती. मी मुद्दे लिहून नेले होते, ते एकेक करून वाचले. शेवटी कक्का म्हणाले, "दो महीना मैया के, दस महीना हमारे. इसमें नया का है?"

नवं होतं ते एवढंच, की आता ते मोजलं जाणार होतं.

*

बंदीच्या पहिल्या दिवशी टोल्यात नावा पालथ्या घालतात. चार-चार माणसं एकेक नाव खांद्यावर घेऊन काठावर चढवतात, बायका तळावर हळदीचं पाणी शिंपडतात आणि मग 'नरबदा मैया की जय' म्हणत ती उलटी करतात. "सो गई," असं म्हणतात मग. नाव झोपली. दुसऱ्या दिवशी घमेल्यात डांबर वितळतं आणि सगळ्या काठावर त्याचा कडवट धूर पसरतो. पावसाळी ढगाखाली डांबर लावलेल्या काळ्याभोर नावांची ती रांग मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला पाण्याबाहेर येऊन उन्हाची वाट पाहत बसलेल्या म्हशी आठवल्या होत्या.

त्या वर्षी कक्कांनी आणखी एक गोष्ट काढली. सगळ्यांनी आपापली जाळी खेरमाईच्या चबुतऱ्यावर आणून ठेवायची. खेरमाई म्हणजे वस्तीची राखणदार देवी, शेंदूर लावलेला दगड. तिच्यापुढे ठेवलेल्या वस्तूला हात लावायची कोणाची छाती नाही.

टोल्यात हल्के नावाचा एक जण होता. अंगाने दांडगा, जिभेने त्याहून. तो म्हणाला, "काय कक्का, कल तक हमारे संग जाल फेंकत रहे, आज दरोगा हो गए?"

"दरोगा नईं, चौकीदार," कक्का म्हणाले. "दरोगा तो मैडम हैं. चप्पल देख, कैसी कीचड़ में फँसी है."

सगळे हसले. माझी एक चप्पल खरंच चिखलात रुतली होती आणि मी एका पायावर उभी होते.

"और पेट?" हल्के म्हणाला. "पेट भी खेरमाई के चबूतरे पे धर दें?"

आता कोणी हसलं नाही. कक्का घरात गेले, आपलं जाळं घेऊन आले. त्याच उन्हाळ्यात विणलेलं, अजून पाण्याचा रंगही न चढलेलं. ते त्यांनी दगडापुढे ठेवलं. मग एकेक जण उठला. सगळ्यात शेवटी हल्केने आपलं जाळं आदळलं आणि देवीला म्हणाला, "देख लेना माई, चूहे खाएँ तो पहले कक्का का खाएँ."

*

आमच्या घरी या नोकरीची थट्टाच व्हायची. आई भंडाऱ्याकडची, तलावांच्या मुलखातली. बाबा इथल्या कारखान्यात लागले म्हणून ती जबलपुरात आली आणि इतकी वर्षं राहूनही बाजारात सगळ्यांशी आपलीच भाषा बोलायची. त्या जूनमध्ये मी चिखलाने भरलेले पाय धूत होते तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"काहून वं प्रज्ञे, मासे बाळंत होऊन राहिले अन् तू त्यायची सुईण होऊन राहिली का?"

"सुईण नाही गं, पोलीस."

"पोलिसाले कोणी बाळंतिणीच्या खोलीत येऊ देते का?"

आषाढी पौर्णिमेपासून तिचा वर्षावास सुरू व्हायचा. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन, आणि तीन महिने मांस-मासळी बंद. पावसात किडामुंगी, कोंब, अंकूर पायाखाली येतात म्हणून भिक्खू एका जागी राहतात, तसं आपणही आपल्यापुरतं थांबायचं, एवढंच तिचं म्हणणं. भंडाऱ्याच्या बाईला तीन महिने मासा नाही म्हणजे काय ते मला माहीत होतं. शेजारच्या घरून तळल्याचा वास आला की ती खिडकी लावून घ्यायची आणि थोड्या वेळाने स्वतःच उघडायची. तिच्यावर कोणी लक्ष ठेवत नव्हतं. तिने पाळलं की नाही, हे कुठे नोंदलं जात नव्हतं. मी मात्र दिवसभर दुसऱ्यांचं पाळणं मोजून घरी यायचे.

मोजायचं कसं, हाच तर प्रश्न होता. आधीच्या वर्षांत आम्ही पकडलेली जाळी मोजायचो. जाळी जास्त म्हणजे काम चांगलं. एके वर्षी जाळी कमी मिळाली तर वरून विचारणा झाली, काम कमी झालं का? लोकांनी जाळी टाकलीच नसतील, हे कोणाच्या मनात आलं नाही. आणि आलं असतं तरी दाखवणार कसं? जाळी कमी सापडतात ती चोरी कमी झाली म्हणून, की गस्त कमी झाली म्हणून? हे मी साहेबांना विचारलं होतं. साहेब माणूस वाईट नव्हता. बदल्यांनी थकलेला होता. म्हणाला, "मैडम, आप बड़े टेढ़े सवाल लाती हैं, साथ में चाय भी लाया कीजिए."

त्या वर्षी नव्या पाहणीत तीन गोष्टी ठरल्या. काठावरच्या पालथ्या नावा बघायच्या, नदीत गस्त घालायची, आणि बाजारात जाऊन नदीचा मासा विकला जातो का ते तपासायचं. पहिल्या दोन माझ्याकडे आल्या. बाजारासाठी बाहेरून दोन पाहणीदार येणार होते, म्हणजे ओळखीचा प्रश्न नाही. मला हे पटलं होतं. कागदावर ते चोखच होतं.

*

एका सकाळची आठवण माझ्याजवळ सगळ्यात स्वच्छ आहे. रात्रभर पाऊस पडून उघडला होता. नाल्याला लाल पाणी आलं होतं आणि ते नदीच्या हिरव्या पाण्यात लांबवर वेगळं दिसत होतं. कक्कांनी वल्हं उचलून धरलं आणि बोटाने दाखवलं. नाल्याच्या तोंडाशी, बुडालेल्या गवतात, पाणी आपोआप हलत होतं. मग दिसल्या पाठी. काळपट, जाड, अर्ध्या पाण्याबाहेर. रोहू चढत होते. पोटं इतकी भरलेली की उथळ पाण्यात ती जमिनीला घासत होती. एकमेकींना ढुसण्या देत, गवत वाकवत त्या माद्या वर जात होत्या आणि त्यांच्या मागे पाण्यावर दुधासारखं काहीतरी पसरत होतं. आवाज कपडे आपटल्यासारखा. जगात दुसरं काही चाललेलंच नाही असा.

आणि काठावर, गुडघाभर पाण्यात, हल्के उभा होता. हात रिकामे. मासे त्याच्या पायांना घासून जात होते.

मला वाटलं पकडला. कक्का हळूच म्हणाले, "रुकिए."

आम्ही बघत राहिलो. तो वाकला नाही. बराच वेळ तसाच उभा होता, मग आमच्याकडे वळून ओरडला, "हाथ खुजा रहे हैं, मैडम! लिख लो!" आणि पाण्याबाहेर निघून गेला.

काय लिहिणार? त्या सकाळच्या नोंदीत त्या जागेपुढे मी 'काही आढळलं नाही' एवढंच लिहिलं. तक्त्यात तेवढीच सोय होती. एका भुकेल्या माणसाने गुडघ्यापर्यंत माशांत उभं राहून हात आवरले, याची कुठलीच खूण पाण्यावर राहिली नाही. चोरीला पुरावा असतो. न केलेल्या चोरीला नसतो.

भूक मी शोभेसाठी म्हणत नाही. श्रावण लागेपर्यंत टोल्यात टाकळ्याची भाजी सकाळ-संध्याकाळ शिजत होती. तिकडे तिला चकौड़ा म्हणतात, ती उकिरड्यावरही उगवते. माणसं शहराबाहेर पाटणकडे, पनागरकडे धान रोवायला जायची. पाण्यात जन्म गेलेली ती माणसं, पण चिखलात वाकून चालायची सवय नव्हती. शेतवाले त्यांना हसायचे. हल्के परत येऊन सांगायचा, "हमसे तो मेंढक सीधी रोपाई करता है." कंबर धरून हसायचा आणि बाजेवर आडवा व्हायचा.

फूलबाई रोज सकाळी बाजारात यायची. आडत्याकडून आंध्रची पेटी उचलायची आणि हाक द्यायला लागायची. ती हाक तिची नव्हतीच. लग्न होऊन आली तेव्हा सासूच्या शेजारी बसून ती शिकली होती. सासूच्या टोपलीत खरोखर नर्मदेचे मासे असायचे. सासू गेली, बंदीत बर्फाची पेटी आली, हाक तीच राहिली. आई तिच्या बाजूला बसणाऱ्या बाईकडून मेथी घ्यायची. एकदा तिने फूलबाईला टोकलं, "काहून खोटं बोलून राहिली वं बाई? हे तं बर्फातले हाय."

फूलबाईने माझ्याकडे बघितलं, "अम्मा का कह रही हैं, दीदी?" मी सांगितलं. ती डहाळी हलवत म्हणाली, "अम्मा, पेटी का नाम लेके मछली कौन खरीदेगा? अपनी काली बिटिया को भी तो सब चंदा कहते हैं."

आईला हे इतकं आवडलं की तिने मेथीच्या दोन जुड्या जास्त घेतल्या.

*

ऑगस्टच्या मध्याला बंदी उठली. माझ्याकडचं सगळं नीट होतं. टोल्याच्या काठावर दर खेपेला, गस्तीची नाव सोडून, प्रत्येक नाव पालथी. पट्ट्यात एकही जाळं नाही. चबुतऱ्यावरची जाळी जशीच्या तशी, उंदरांनी कक्कांच्या जाळ्याचा कोपरा तेवढा खाल्लेला. मी कागद लावून, फिती बांधून दिले. टोल्याचं पाणी राहणार याची मला खात्री होती.

बैठकीत साहेबांनी बाजाराचा तक्ता पुढे सरकवला. दोन्ही पाहणीदार नम्र, स्वच्छ मुलगे होते. त्यांनी सांगितलं होतं तसंच केलं होतं. गिऱ्हाईक होऊन विचारायचं, उत्तर लिहायचं. कांचघरच्या तोंडाशी बसणाऱ्या बाईपुढे लिहिलं होतं: मासा नर्मदेचा असल्याचं सांगते. कुठल्या घाटाचा? टोल्याचा. कोणी पकडला? "हमारे आदमी ने. उनके जैसा मछुआ पूरी नरबदा में नईं है."

मी म्हणाले, "सर, वो तो पुकार है. सब लगाते हैं."

"लगाई तो न?"

"मछली आंध्र की है. कल्ले देखने थे, आँख देखनी थी. बिल आडतिये के पास है."

"देखने को नहीं कहा था, पूछने को कहा था," साहेब म्हणाले. ते चिडले नव्हते. "मैडम, आप ही कहती थीं, ठीक से नापना चाहिए. नाप लिया. बाई ने खुद कबूल किया है."

मी वेगळी टिपणी लिहिली. आडत्याकडून बिलांच्या नकला आणल्या, त्या जोडल्या. ते सगळं मूळ कागदांच्या मागे टाचलं गेलं. वर कोणी मागची पानं उलटली की नाही, मला कळलं नाही. पट्टा ठेकेदाराला गेला. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात मात्र एक नवा रकाना आला: कल्ल्यांचा रंग. साहेबांनी मला मुद्दाम बोलावून दाखवला. त्यांना वाटलं मी खूश होईन.

कक्कांना मी स्वतः जाऊन सांगितलं. भर दुपार होती, काठावर नावा सरळ करणं चाललं होतं. मुदत संपेपर्यंतचे थोडे दिवस पाणी अजून त्यांचं होतं, म्हणून माणसं घाईत होती. ते आपल्या नावेच्या तळाशी बसून डांबराची एक भेग बुजवत होते. मी सगळं क्रमाने सांगितलं. ते ऐकताना हात थांबला नाही.

"और का कहा उसने?" त्यांनी विचारलं.

मी ते वाक्यही सांगितलं. पूर्ण नर्मदेत त्यांच्यासारखा कोळी नाही, हे.

आता हात थांबला. घरात फूलबाईने असं त्यांना कधी म्हटलं असेल असं मला वाटत नाही. तिच्या तोंडून मी त्यांच्याविषयी नेहमी तक्रारीच ऐकल्या होत्या. ते नदीकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. लाजल्यासारखं होतं, आणि कोणीतरी मारल्यासारखंही.

"उसको मत बताइयो, मैडम," शेवटी ते म्हणाले. "वो चिल्लाना छोड़ देगी."

*

मी कधीच सांगितलं नाही. फूलबाई अनेक वर्षं विचारत राहिली. पेटीवरचं प्लास्टिक नीट करता करता मध्येच म्हणायची, "दीदी, हमने तो सब करा. जाल भी धर दए, नाव भी सुला दई. फिर पानी काहे चला गया?" मी म्हणायचे, "ठेकेदार बड़ा था." तेही खोटं नव्हतं. ती मान हलवायची आणि पुन्हा हाक द्यायला लागायची. बाजाराच्या गलबल्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. तो तसाच राहावा म्हणून एक माणूस सगळ्या टोल्याच्या नजरा झेलत होता. लोक म्हणायचे, कक्काच्या चौकीदारीने काय मिळवलं? कक्का खरं सांगून मोकळे होऊ शकले असते. हल्के तर तोंडावर बोलायचा. कक्का त्याला तंबाखू द्यायचे.

काही वर्षं माणसं ठेकेदाराच्या नावेवर हजेरीने गेली, स्वतःच्याच पाण्यात. मग हळूहळू पांगली. हल्के नागपुरात एका इमारतीचा पहारेकरी झाला. मध्ये एकदा फोन आला होता. "अब सच्ची के दरोगा हो गए, मैडम. सीटी भी मिली है." कक्का एका हिवाळ्यात गेले, छातीत कफ भरून. माझी आईही गेली. तिचं विहारातलं आसन आता मी घेते. वर्षावासात मासा मीही खात नाही, पण आषाढी पौर्णिमा येईपर्यंत खिडकी उघडी असते.

या वर्षीही मी बंदीच्या पाहणीला टोल्यावर गेले. आता कागद नाही, फोनवर भरायचं असतं. काठावर नावा होत्या आणि झाडून सगळ्या पालथ्या. पाण्यात एक जाळं नाही. मी फोटो घेतले, जागा टिपली. संध्याकाळपर्यंत नव्या साहेबांचा फोन. तरुण आहेत, उत्साही. "मैडम, आपका टोला तो पूरा हरा दिख रहा है नक्शे पर! पूरे ज़िले में ऐसा पालन कहीं नहीं. कैसे करवाया?"

हिरवा तर टोला खरंच होता. नावांच्या तळावरून कारल्याचे वेल चढले होते. डांबर सुटून फळ्यांच्या फटी दिसत होत्या आणि एका फटीतून एरंडाचं रोप वर आलं होतं. कक्कांची नाव मला भेगेवरून ओळखता आली. त्यांनी बुजवलेली भेग तेवढी शाबूत होती. या नावा बंदीसाठी पालथ्या नाहीत. मागच्या ऑगस्टातही त्या कोणी सरळ केल्या नव्हत्या, त्याच्या मागच्या ऑगस्टातही नाही. तक्त्यात विचारलेलं होतं, नाव पालथी आहे का. आहे.

नाल्याच्या तोंडाशी लाल पाणी आलं होतं. मी थोडा वेळ थांबले. गवत हललं नाही. कदाचित मी उशिरा पोचले असेन, कदाचित मासे आदल्या दिवशीच चढून गेले असतील. काठावर हात खाजवत उभं राहणारं कोणी नव्हतं, म्हणून विचारता आलं नाही.

*

काल बाजारात गेले. आषाढी पौर्णिमा अजून यायची आहे. यादीप्रमाणे भाजी झाली, किराणा झाला. हाक ऐकू येत होती, आता जरा चिरकलेली. फूलबाईच्या पुढ्यात स्कूटरवरून एक माणूस वाकला होता. "यहीं की है, अम्मा?" "नरबदा की, भैया, नरबदा की!" तो हसला, घेतला, गेला.

मी थांबले. मला बघून ती आवाज खाली आणते, नेहमीचंच. "आंध्र की है, दीदी. तुमसे का छिपाना."

"नर्मदा की दे दो," मी म्हणाले.

डहाळी थांबली. तिने माझ्याकडे नीट बघितलं. आधी मला वाटलं ती घाबरली, इतक्या वर्षांनी मी तिला पकडायला आले असं तिला वाटलं. मग तिने नजर खाली घेतली. पेटीत हात घालून बराच वेळ चाचपत राहिली, एक बाजूला सारला, दुसरा उचलून परत ठेवला, आणि सगळ्यांत तळाचा एक रोहू काढला. मगातल्या पाण्याने त्याच्यावरचा बर्फ आणि भुसा धुतला, अगदी बर्फाचा कण राहणार नाही असा धुतला, आणि पदराने पुसला. मी पिशवी उघडून धरली. तिने तो आत ठेवला आणि माझ्या अगदी जवळ वाकून, हाक देताना असतो त्याहून कितीतरी हळू आवाजात म्हणाली,

"लो, दीदी. टोले की है. हमारे आदमी ने पकड़ी है."